गावाच्या दप्तरातलं आमचं पान

अंकुशनगरला वेस नाही आणि गावकूसही नाही. जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात, महाकाळ्याला समर्थ सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याच्याभोवती कामगारांची वसाहत आली, दुकानं आली, शाळा आली, आणि कारखान्याचे संस्थापक अंकुशराव टोपे यांच्या नावावरून वस्तीला नाव मिळालं. शहागडची गोदावरी इथून जवळ, वाडीगोद्री जवळ, अंतरवाली सराटीही जवळच. आसपासची गावं शेकडो वर्षांची, मधे ही नवी वस्ती. इथे कुणाचं घर कुठल्या दिशेला असावं हे जातीनं ठरवलेलं नव्हतं.

माझे वडील कारखान्यावर हंगामी कामगार होते. हजेरीपटावर आपलं नाव इतरांच्या ओळीत, आडनावासकट लागतं, याचं त्यांना फार अप्रूप होतं. गावात त्यांना कुणी आडनावानं हाक मारलेली नव्हती. पहिला पगार झाला तेव्हा त्यांनी आईला पातळ आणलं आणि बाबासाहेबांची तसबीर आणली. माझा धाकटा भाऊ आजही अंकुशनगरला राहतो. मी तेव्हाच्या औरंगाबादला शिकले, तिथेच इतिहास शिकवला, मोडी शिकले, आणि निवृत्तीनंतर आता इकडे येऊन-जाऊन असते.

आमचं मूळ गाव इथून थोड्या कोसांवर आहे. त्याचं नाव मी लिहीत नाही. तिथे माझी माणसं राहतात, आणि मी लिहिते आहे ते काही एकाच गावाचं नाही. गाव नदीकडे उतरत जाणारं, मधे मारुतीचं देऊळ, पाटलांचा वाडा, आणि पूर्वेला, ओढ्याच्या पलीकडे आमची वस्ती. वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो. गावावरून गेलेला वारा आमच्याकडे यावा, आमच्यावरून गेलेला गावाकडे जाऊ नये, एवढा विचार वस्ती बसवताना झालेला होता.

आजोबा गावचे येसकर होते. काम एका माणसाचं नव्हतं, घराण्याचं होतं, आणि पाळीपाळीनं वस्तीतल्या प्रत्येक घराकडे यायचं. सकाळी चावडी झाडायची, पाटील-कुलकर्ण्यांचे निरोप पोचवायचे, सरकारी माणूस आला की त्याच्या घोड्याला वैरण घालायची, त्याचं ओझं पुढच्या गावाच्या हद्दीपर्यंत न्यायचं. सारा भरायला निघालेल्या माणसांसोबत राखणीला जायचं. शिवेचा तंटा निघाला की हद्द दाखवायची, कारण गावाची शीव येसकराच्या पायाखालची असते असं सगळेच मानायचे. कुणी मेलं की नातेवाइकांच्या गावी उन्हापावसात चालत जाऊन सांगावा द्यायचा, सरणाची लाकडं फोडायची. मेलेलं जनावर ओढून न्यायचं. रात्री गस्त घालायची. हातात घुंगराची काठी असायची. तिचा आवाज ऐकून लोक बाजूला व्हायचे आणि आपली सावली पडू नये म्हणून आजोबाही बाजूला व्हायचे.

या सगळ्याचा मोबदला म्हणजे थोडी इनाम जमीन आणि बलुतं. सुगीला खळ्यावर जाऊन उभं राहायचं, आधी बाकीचे बलुतेदार, मग आपण. संध्याकाळी टोपलं घेऊन गावातून भाकरी मागून आणायची. आजी सांगायची, दारासमोर उभं राहून हाक द्यायची, उंबऱ्यापासून अंतर ठेवायचं, भाकरी वरून टाकली जायची. ज्या घरची भाकरी नरम असे त्या घराला ती अजून दुवा द्यायची. पुढे कधी चिडून बोललेली मी तिला ऐकली नाही, पण टोपलं मात्र तिनं आयुष्यात पुन्हा घरात ठेवलं नाही.

शाळेत आम्हाला बारा बलुतेदारांची पद्धत म्हणजे गावगाड्याचं सहकार्य असं शिकवलं गेलं. मीही ते पुस्तक वर्गात शिकवलं आहे. सहकार्यात काम सोडायची मुभा असते. येसकरकीच्या वतनात ती नव्हती. १९ मार्च १९२८ रोजी बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात महार वतनाबद्दल विधेयक मांडलं, ते नेमकं याच जागी बोट ठेवणारं होतं. वतनदार महाराचा सगळा दिवस आणि सगळी रात्र सरकारची; तो नसेल तर त्याचा बाप, त्याचा मुलगा, घरातला कुणीही बांधलेला; आणि मोबदला एवढा तुटपुंजा की माणूस भुकेनं गावाच्या दयेवर राहावा. विधेयक तेव्हा मंजूर झालं नाही. मुंबई राज्यात कनिष्ठ गावकामगारांची वतनं रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडलं.

आमचा भाग तर निजामाच्या राज्यात. महाडचं तळं १९२७ साली पेटलं, त्याची धग इकडे पोचायला वेळ लागला. ३० डिसेंबर १९३८ रोजी कन्नड तालुक्यातल्या मक्रणपूरला बाबासाहेबांची परिषद झाली. भाऊसाहेब मोरे यांनी ती भरवली होती. निजाम सरकारच्या राज्यात अशी सभा होणं सोपं नव्हतं, तरी गावोगावची माणसं चालत, बैलगाड्यांनी गेली. आमच्या आजोबांचे चुलते गेले होते. परत आले ते ‘जयभीम’ घेऊन. पाटलासमोर वाकून ‘जोहार’ घालायचा त्यांनी सोडला, एवढंच. पण एवढ्यासाठी त्यांना चावडीवर बोलावून मारलं गेलं, हे आमच्या घरात तीन पिढ्या सांगितलं गेलं आहे.

१९४८च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात आलं. मराठवाडा दरवर्षी १७ सप्टेंबरला मुक्तिदिन साजरा करतो आणि तो करावाच. त्याच वेळी हेही सांगितलं पाहिजे की निजाम सरकारनं शेवटच्या काळात काही ठिकाणी दलितांना पडीक जमिनी दिल्या होत्या, आणि सत्ता बदलल्यावर कित्येक गावांत त्या त्यांच्याकडून गेल्या. म्हणून १९५३ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशननं मराठवाड्यात जमिनीसाठी सत्याग्रह केला आणि लोक तुरुंगात गेले. पुढे १९६४च्या डिसेंबरात दादासाहेब गायकवाडांनी देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला, त्यात लाखो माणसांनी स्वतःला अटक करवून घेतली. आमच्या वस्तीच्या मागे जे गायरान आहे, तिथे चार घरांनी ज्वारी पेरायला सुरुवात केली ती याच काळात.

मधल्या काळात १९५६ आलं. १४ ऑक्टोबरला नागपूरला धम्मदीक्षा झाली. आमच्या गावातून नागपूरला कुणी गेलं नव्हतं, तेवढे पैसे नव्हते. पण काही महिन्यांनी वस्तीनं ठरवलं: मेलेलं जनावर ओढायचं नाही, भाकरी मागायची नाही, काठी धरायची नाही. आजोबांनी घुंगराची काठी चावडीच्या भिंतीला टेकवून ठेवली आणि घरी आले. गावानं उत्तर दिलं ते आवाज न करता. खळ्यावरचं बलुतं बंद झालं. शेतात मजुरीला बोलावणं बंद झालं. पिठाची गिरणी, किराणा, विहीर, सगळं बंद. त्या वर्षी आजीनं माझ्या वडलांना मामाकडे पाठवलं, कारण घरात खायला नव्हतं. तिथे ते शाळेत गेले. आमच्या घरात अक्षर आलं ते अशा रीतीनं आलं.

मी लहान असताना १९७२चा दुष्काळ पडला. खडी फोडायच्या कामावर सगळ्या जातीची माणसं एका रांगेत बसत, पण पाण्याचा रांजण दोन ठिकाणी. त्याच वर्षी परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात सवर्णांच्या विहिरीवरून पाणी घेतलं म्हणून दोन बौद्ध स्त्रियांना विवस्त्र करून मारत गावातून फिरवलं गेलं. या आणि अशा घटनांची चीड घेऊन मुंबईत दलित पँथर उभी राहिली. पँथरच्या राजा ढाले यांनी ‘साधना’ साप्ताहिकाच्या १५ ऑगस्टच्या अंकात स्वातंत्र्याचा रोखठोक हिशेब मागितला. त्याच सुमाराला बाबा आढाव ‘एक गाव एक पाणवठा’ म्हणत गावोगाव फिरले आणि राज्यातल्या किती गावांत दलितांना सार्वजनिक पाण्याला हात लावता येत नाही याची पाहणी केली. आमच्या गावात ते आले नाहीत. आमची विहीर वेगळीच राहिली, उन्हाळ्यात आटणारी.

आणि मग १९७८. मी तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात होते. २७ जुलैला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. शरद पवारांचं सरकार येऊन दहा दिवसही झाले नव्हते. औरंगाबादला विद्यार्थ्यांची आंदोलनं सुरू झाली आणि बघता बघता आग खेड्यांत शिरली. नांदेड आणि परभणी जिल्ह्यांत सर्वांत भयानक. घरं जाळली, धान्य जाळलं, पिण्याचं पाणी नासवलं. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे मारले गेले. ज्यांच्या घरावर रॉकेल पडलं त्यांतल्या बहुतेकांनी विद्यापीठ डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. ज्यांनी ते टाकलं त्यांतल्याही बहुतेकांनी नव्हतं. विद्यापीठाचं नाव हे निमित्त होतं. आमची पोरं १९५० पासून बाबासाहेबांच्या मिलिंद महाविद्यालयात शिकत होती, नोकरीला लागत होती, सणाला गावात येताना बूट घालून येत होती. शिवाय गायरानं कसायला लागली होती. जळजळ त्याची होती.

आमच्या गावात जाळपोळ झाली नाही. झाला तो पुन्हा बहिष्कार. ऑगस्टचा महिना, पाऊस, दुकानदार मीठ द्यायला तयार नाही. रात्री पुरुष वस्तीच्या तोंडाशी जागत बसायचे. वडलांनी पेटीत माझी पुस्तकं आणि आजीचं औषध भरून ठेवलं होतं, निघावं लागलं तर उचलायला. एका रात्री एक म्हातारी पाटलीण ओढा ओलांडून आली, पदराखाली ज्वारीचं पीठ घेऊन. ती कुणाची आई होती हे आम्ही सगळे जाणतो. तिचा मुलगा बहिष्कार घालणाऱ्यांत होता. मला दोन्ही गोष्टी सांगायच्या आहेत, एकीनं दुसरी पुसली जात नाही.

त्यानंतरची सोळा वर्षं सगळ्या मराठवाड्याला माहीत आहेत. ११ नोव्हेंबर १९७९ला विद्यापीठाच्या नामांतरासाठी जोगेंद्र कवाडे यांचा लाँग मार्च नागपूरहून निघाला. १४ जानेवारी १९९४ला नामविस्तार झाला. दरवर्षी त्या दिवशी विद्यापीठाच्या कमानीसमोर लोक माथा टेकवतात, मीही जाते. पण १९७८ साली आमच्या गावात काय घडलं हे गावात कुठेही लिहिलेलं नाही. ना ग्रामपंचायतीत, ना शाळेत. विशी-तिशीतल्या मुलांना विचारलं तर सांगतात, आपल्याकडे तसलं काही नव्हतं.

नामांतराच्या त्या वर्षांत आमच्या भागाची जमीनही बदलत होती. पैठणला नाथसागर बांधून झाला होता. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी, १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्‌घाटन. २०८ किलोमीटर लांबीचा डावा कालवा अंबड तालुक्यातून पुढे गेला. ज्वारी-बाजरी-कापसाच्या शिवारात ऊस उभा राहिला, उसामागून कारखाना आला. ज्या पिढीनं खडी फोडली तिच्या डोळ्यांसमोर हिरवं रान आलं. ही मोठी गोष्ट आहे, आणि ज्यांनी ती घडवून आणली त्यांचं श्रेय त्यांचंच.

पण सहकारी साखर कारखान्याची रचना पाहा. महाराष्ट्रात कुठेही पाहा. सभासद व्हायचं तर ऊस हवा, उसाला पाणी हवं, पाण्याला जमीन हवी. सभासदाला मत, मतातून संचालक, संचालकातून बाजार समिती, बँक, शिक्षणसंस्था, विधानसभा. या साखळीची पहिली कडी सातबारा आहे. ज्यांच्या वाट्याला वतनाची दोन-चार एकर, तीही भावकीत तुकडे झालेली, किंवा गायरानाचा नाव न लागलेला पट्टा आला, त्यांच्यापर्यंत कालव्याचं पाणी आलंच नाही. कुणी मुद्दाम अडवलं असं मी म्हणत नाही. पाणी जमिनीच्या मागे गेलं, आणि जमीन शेकडो वर्षांपूर्वीच वाटली गेली होती. म्हणून नव्या वस्तीत वेस नसली तरी माणसांच्या वाटा जुन्याच राहिल्या. काही सभासद झाले, काही माझ्या वडलांसारखे हंगामी कामगार, आणि काही कोयता घेऊन उसाच्या फडात.

हंगामात अंकुशनगरच्या आसपास कोप्या पडतात. दिवाळीच्या सुमाराला ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात, मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. बाई पहाटे तीनला उठून स्वयंपाक करते, अंधारात फडावर जाते, मोळ्या डोक्यावरून गाडीत चढवते, आणि आजारपणात एक दिवस चुकला तरी खाडा भरते. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांची गर्भाशयं काढली गेल्याचं २०१९ साली उघड झालं, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. या टोळ्यांत वंजारी आहेत, बंजारा आहेत, मराठा आहेत, मातंग आणि बौद्धही आहेत. कोरडवाहू गरिबी सगळ्यांना फडावर आणते. फरक एवढाच, की काही घरांकडे कधीकाळी जमीन होती आणि ती पिकेना. आणि काही घरांना ती मिळूच नये अशी व्यवस्था होती.

२०२३ साली या भागानं देशाचं लक्ष वेधलं. २९ ऑगस्टला अंतरवाली सराटीत मनोज जरांगे पाटील मराठा आरक्षणासाठी उपोषणाला बसले, १ सप्टेंबरला तिथे लाठीमार झाला, आणि आठवड्याभरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. मराठवाड्यातल्या मराठा कुटुंबांच्या निजामकालीन कागदांत ‘कुणबी’ नोंद शोधायची होती. तहसिलांतली दप्तरं उघडली, उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली. खासरा पत्रकं, जन्म-मृत्यूच्या वह्या, घराघरांतल्या पेट्या, सगळं बाहेर निघालं. पुढच्या वर्षी वाडीगोद्रीला ओबीसींच्या बाजूनं लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे उपोषणाला बसले. दोन उपोषणं, मधे थोडंसं अंतर, आणि दोन्हींच्या मुळाशी कागदावरची जात. मराठवाड्यातल्या लहान शेतकऱ्याची ओढाताण खोटी नाही. पोराच्या फीसाठी बैल विकलेले मराठा बाप मी शिक्षिका म्हणून पाहिले आहेत.

दप्तरं उघडली त्या हिवाळ्यात आमच्या गावच्या पाटलांच्या घरून निरोप आला: आमचे मोडी कागद वाचून द्याल का? मी गेले. ज्या ओसरीच्या पायरीखाली आजोबा उभे राहायचे, तिथे मला खुर्ची दिली, सुनेनं चहा आणला, सगळ्यांना दिला त्याच कपांतून. घरचे थोरले आबा, पंच्याऐंशीच्या पुढचे, तक्क्याला टेकून बसले होते. रुमालात बांधलेले कागद समोर आले. त्यांत कुणबी नोंद मिळाली की नाही हा त्या घराचा प्रश्न आहे, तो मी इथे मांडत नाही.

पण एक कागद बलुत्याचा होता. गावातल्या बलुतेदारांची नावं, आणि सुगीला कुणाला किती द्यायचं त्याचा हिशेब. सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव, जोशी. शेवटाकडे आमची घरं. नावांच्या शेवटी ‘नाक’ असलेली, जुन्या कागदांत महारांची नावं असतात तशी. त्यांतलं एक नाव माझ्या ओळखीचं होतं. आजी ज्याच्या नावानं घास ठेवायची त्या पूर्वजाचं. मी आयुष्यभर वर्गात हा विषय शिकवला, पण माझ्या माणसाचं नाव मी पहिल्यांदाच हस्ताक्षरात पाहत होते, आणि तेही पाटलांच्या पेटीत. आमच्या घरात एकही कागद नाही. लिहिणं त्यांच्याकडे होतं, लिहिलं जाणं आमच्याकडे.

मी थांबले तसं आबांनी विचारलं, “काय झालं, बाई?”

मी ते नाव वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, “तुपल्या आज्यानं काठी ठेवली तव्हा मी चावडीतच व्हतो. पोरगा व्हतो, पर समजत व्हतं. बलुतं बंद करायचं माझ्या बापानंच सांगितलं.”

“आबा, आम्हाला माहीत आहे.”

“तुमाला माहीत आसंल. ह्यांना न्हाई.” त्यांनी नातवाकडे हात केला. नातू माझाच विद्यार्थी शोभेल अशा वयाचा. तो खाली बघत होता.

मी म्हटलं, “हे लिहून ठेवायचं म्हणते मी. तुम्ही सांगाल का?”

“लिही की. पर एकट्या आमच्या घराचं लिहू नको. गावाचं लिही. एकट्या घरानं व्हत नसतं ते.”

आबांचं म्हणणं खरं आहे. बहिष्कार एका घराला घालता येत नाही. त्याला सगळं गाव लागतं. गिरणीवाला लागतो, दुकानदार लागतो, गप्प बसणारा मास्तर लागतो. म्हणूनच त्याचा हिशेबही एखाद्या घराकडे मागून भागत नाही. पण ‘सगळ्या गावाचं’ म्हटलं की ते कुणाचंच राहत नाही, असंही आजवर होत आलं आहे. डिसेंबर २०२०मध्ये राज्य सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला, समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं सुचवली. चांगला निर्णय. आमच्या वस्तीचीही पाटी बदलली. पण पाटी बदलताना आधीची कुणी, का लावली होती हे न सांगता ती बदलली, तर पुढच्या पिढीला वाटेल की ही वस्ती ओढ्यापलीकडे आपोआप जाऊन बसली.

आणि काही गोष्टी पाटीनं बदललेल्याच नाहीत. गावाच्या स्मशानात पत्र्याचं शेड आहे, ओटा आहे, तिथवर सिमेंटचा रस्ता आहे. आमचं सरण ओढ्याकाठी, पावसाळ्यात ताडपत्री धरून पेटवावं लागतं. आजीचं तसंच झालं, वडलांचंही. गायरानावर १९६०च्या दशकापासून कसणाऱ्या घरांपैकी काहींची नावं अजून सातबाऱ्यावर नाहीत. १४ एप्रिल १९९०पूर्वीची दलितांची अतिक्रमणं नियमित करण्याचा शासननिर्णय १९९१ सालचा आहे. त्यासाठी पुरावा मागतात, आणि पुरावा म्हणजे पुन्हा कागद.

गावानं नोंद कशी ठेवावी याचं एक उदाहरण दूरचं आहे. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात, माँटगोमेरी शहरात, २०१८ साली एक स्मारक उघडलं. गोऱ्या जमावांनी ठार मारलेल्या काळ्या माणसांचं. ब्रायन स्टीव्हन्सन या वकिलांच्या संस्थेनं ते उभारलं. तिथे आठशेहून अधिक पोलादी स्तंभ टांगलेले आहेत, दर जिल्ह्याला एक, त्यावर तिथे मारल्या गेलेल्यांची नावं आणि तारखा. आवारात त्याच स्तंभांच्या जोडप्रती ठेवलेल्या आहेत. प्रत्येक जिल्ह्यानं आपला स्तंभ मागून न्यावा आणि आपल्या गावात उभा करावा, अशी त्यामागची योजना. दलित पँथरनं नाव घेतलं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. तिथल्या लोकांकडून आता ही दुसरी गोष्ट घ्यावी असं मला वाटतं. गावाचा हिशेब राजधानीत नाही, गावातच मांडायचा.

म्हणून मी आमच्या ग्रामपंचायतीला अर्ज दिला आहे. त्याची पोच माझ्याकडे आहे. ग्रामसभेत चार ठराव व्हावेत. स्मशानभूमी सगळ्या गावाची एकच असावी. गायरान कसणाऱ्यांची यादी सभेत मोठ्यानं वाचली जावी आणि ज्यांनी त्यांना ते कसताना पाहिलं त्या शेजाऱ्यांनी साक्षी द्याव्यात. शिवेची साक्ष एकेकाळी आमच्या माणसानं दिली, आता आमच्या कसण्याची साक्ष गावानं द्यावी. येसकरकी केलेल्या घरांची, आठवतील तेवढी नावं ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागावीत. आणि १९५६ नंतरचा आणि १९७८चा बहिष्कार, ज्या जुन्या माणसांना आठवतो त्यांच्या तोंडून, इतिवृत्तात लिहिला जावा. त्या पाटलिणीनं आणलेल्या पिठासकट.

काही जण म्हणतात, जुनं उकरून काय मिळणार, गावात आता बरं चाललंय. माझ्या वस्तीतलेही काही म्हणतात, रोज त्यांच्याच शेतात जायचंय आम्हाला, तुम्ही चार दिवसांनी शहरात जाल. ही भीती खरी आहे आणि ती असेपर्यंत गावात बरं चाललंय असं मला म्हणता येत नाही. जुनं उकरायला सुरुवातही मी केलेली नाही. ते २०२३ सालीच सगळ्यांनी मिळून उकरलं. आपापल्या हक्कासाठी गावोगावच्या लोकांनी पणजोबांचे कागद शोधले, त्यांवर विश्वास ठेवला, सरकारनं ते ग्राह्य धरावेत म्हणून उपोषणं केली. २ सप्टेंबर २०२५ला कुणबी दाखल्यांसाठी हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेणारा शासननिर्णयही निघाला. कागद खरा मानायचा तर सगळा मानावा लागेल. ज्या दप्तरात एकाचा हक्क आहे, त्याच दप्तरात दुसऱ्याची वेठ लिहिलेली आहे, कित्येकदा त्याच पानावर.

मला कुणाची शिक्षा नको आहे. ज्यांनी बहिष्कार घातला त्यांतले बहुतेक गेले, ज्यांनी भोगला तेही गेले. मला नोंद हवी आहे, कारण नोंद झाली की माझ्या भावाच्या मुलीला आणि आबांच्या नातवाला एकाच पानावरून बोलता येईल. एकीला सिद्ध करत बसावं लागणार नाही, दुसऱ्याला नाकारत बसावं लागणार नाही. ज्या गावानं शंभर वर्षांपूर्वी येसकराला सुगीला किती पेंढ्या द्यायच्या हे नाव घालून लिहून ठेवलं, त्या गावाला त्याच्याकडून काय काय घेतलं तेही लिहिता येईल.